मौलवी भिंतीकडं बघून जेवायचे

मौलवी याकूब परत आले ते जेवायला भिंतीकडं तोंड करून बसायला लागले. घरात बायको असो, पाहुणा असो, ताट घ्यायचे, वळायचे आणि पाठ आमच्याकडं. मागून कानाखालचा जबडा तेवढा हलताना दिसायचा. माणूस आमच्या डोळ्यांपुढं काहीतरी लपवतोय, एवढं मला पहिल्या दिवशी कळलं. काय लपवतोय ते कळायला वेळ लागला.

आधी ते असे नव्हते. घाटकोपरच्या आमच्या डोंगरावर पायऱ्या सुरू होतात तिथं खाली पत्र्याची छोटी मशीद आहे. तिथले ते मौलवी. मशिदीच्या मौलवीचा डबा घराघरातून पाळीनं येतो, तशी त्यांच्यात रीत असते. पण ह्यांचं डब्यावर भागायचं नाही. कुणाकडं सुकटाला फोडणी बसली की ह्यांची चप्पल दारात. आमच्याकडं, शेवंताकडं, वरच्या गल्लीतल्या मास्तरणीकडं, कुठंही. जेवायचे पण असे, की वाढणारीचं पोट भरावं. भाकरी मोडताना बोलायचे, आमटी ओरपताना बोलायचे. शेवंता म्हणायची, "ह्यांना रोजे कसे झेपत असतील गं?" ते ऐकून म्हणायचे, "शेवंताबाई, दिवसभर मी तुमच्या आमटीचीच आठवण काढतो. अल्ला त्यालाच इबादत समजून घेतो."

ते रत्नागिरीकडचे. वस्तीतली पोरं दाढी बघून त्यांच्याशी हिंदीत बोलायला जायची, "मौलवीसाब, कैसे हो?" तर हे म्हणायचे, "बरा आहे रे बाबा. मला हिंदी नको शिकवू, माझीच कच्ची आहे."

मी आले ती दुष्काळातून. जालन्याकडून. पोर होते. बाप मेला होता, आई आम्हा भावंडांना घेऊन आली आणि इथं खाणीत खडी फोडायला बसली. मग मी बसले. मग माझा नवरा बसला. त्याच्या छातीत खाणीची धूळ भरली आणि तो गेला. खाण बंद झाली तशी मी पायऱ्यांच्या तोंडाशी मिरची-कोथिंबीर घेऊन बसायला लागले. अजून बसते. विश्वास मी कुणावर पटकन ठेवत नाही. मुकादम दिवसभर फोडलेल्या खडीचा ढीग पायानं पसरून छोटा करायचा आणि म्हणायचा, एवढीच? ज्यानं ते बघितलंय तो दोनदा बघूनच हो म्हणतो.

मौलवींना माझं हे माहीत होतं. मिरची घ्यायला आले की एक उचलून कच्चीच चावायचे. मी म्हणायचे, "पैसे आधी." ते डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणायचे, "गयाबाई, तुमचा संशय लई चांगला. कुत्रं भुंकतं म्हणून घर राहतं."

"मला कुत्रं म्हणता?"

"घर कोण आहे ते पण बघा की. आम्हीच सगळे."

असंच एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तवा मी त्यांना आईची गोष्ट सांगितली. दुष्काळात चूल पेटायची नाही, तवा आई आम्हाला सांगायची, आज उपास आहे. आज खंडोबाचा. उद्या मरीआईचा. परवा अजून कुणाचा. आम्ही पोरं खरंच समजायचो. शेजारचं पोर भुकेनं रडायचं आणि आम्ही त्याला सांगायचो, आमचा उपास आहे, आम्ही नाही रडत. मौलवी मिरची चावायची थांबले.  मग म्हणाले, "तुमची आई मोठी बाई. बिननावाची भूक चावते. तिनं नाव देऊन टाकलं."

पुढं मशिदीवर त्यांचं भागेना. लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं. तरुणपणी ते बोटीवर भंडारी होते, म्हणजे बोटीवरचे स्वयंपाकी. कोकणातल्या त्यांच्या लोकांत दर घरातला एक जण बोटीवर असतोच. तर ते पुन्हा बोटीवर गेले, एक फेरी करून आले, आणि माझ्या सिधूसाठी खलाशाचं काम बघून आले. सिधू माझा धाकटा. बारावी करून घरी बसला होता, मोबाईल घासत.

"गयाबाई, पोराला माझ्या हवाली करा," म्हणाले.

"हवाली करायला तो काय पिशवी आहे?"

"बरं, सोबत पाठवा."

"आणि परत कोण आणणार?"

"मी."

"हे तोंडानं बोललात."

"तोंडानंच बोलतात, गयाबाई. दुसरं काय आहे माझ्याकडं?"

मी पाठवलं.

तिकडं परमुलखात दोन टोळ्यांची लढाई लागलेली होती. ह्यांची बोट एका बाजूचं सामान घेऊन चालली होती म्हणून दुसऱ्या बाजूनं धरली. बोटीवरच्या माणसांना काय माहीत खोक्यात काय आहे? पण धरलं. लढाईतले कैदी म्हणून किनाऱ्यावरच्या एका गोदामात कोंडलं. हे आम्हाला महिन्यानं कळलं. मग टीव्हीवाले आले, माझ्यासमोर दांडकं धरून म्हणाले, आजी, काय वाटतंय? मी म्हणलं, बाजूला व्हा, गिऱ्हाईक उभं आहे. सालभराच्या वर हे चाललं. मौलवींची बायको जैबूनबी रोज संध्याकाळी माझ्या टोपलीपाशी येऊन बसायची. बोलायचो नाही आम्ही. ती कोथिंबीर निवडायची, मी जुड्या बांधायचे.

मग एक दिवस सोडलं. सगळ्यांना सोडलं, आणि मौलवींना ठेवून घेतलं.

सिधू विमानतळावरून आला तवा माझी बांगडी त्याच्या मनगटात फिरली असती. मी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. आम्ही जातो त्या बुद्धविहारातल्या लोकांना हे असलं आवडत नाही. नसू दे. लांबून आलेल्या माणसाबरोबर काय काय चिकटून येतं ते माझ्या आईनं सांगितलंय. ताट वाढलं. सकाळचे नऊ-दहा वाजले असतील. तो म्हणाला, "आई, आता नाही. दिवस मावळल्यावर."

मला वाटलं, पोट आवळलंय, हळूहळू सुटेल. पण दुसऱ्या दिवशी तेच. पंधरवडा झाला, तेच. दिवसभर पाण्यावर, आणि दिवस मावळला की भाकरी. ती पण अर्धी. डॉक्टर म्हणाला, असं चाललं तर ह्याचं अंग भरायचं नाही, ॲडमिट करावं लागेल. मी विचारलं, "कुणी सांगितलं तुला हे?" तर म्हणाला, "शब्द दिलाय. मौलवी घरी आले की सोडणार."

"कसला शब्द?"

"आई, नको विचारू ना यार."

आईला यार म्हणाला. मी सोडून दिलं. पण वस्ती कशाला सोडते? शेवंता नळावर सगळ्यांसमोर म्हणाली, "गयाबाई, पोरगा रोजे ठेवतो म्हणे. ईदला शिरखुर्मा पाठव हां आमच्याकडं."

"पाठवीन. वाटी परत दे मात्र. मागची दोन अजून तुझ्याकडंच आहेत."

तोंडानं मी असं बोलले, पण आत गाठ बसली. विहारात गेले तर तिथले भाऊ हळूच बाजूला घेऊन म्हणाले, "आई, आपला उपोसथाचा उपास असला तर दुपारच्या आत जेवून घ्यायचं असतं. हा दिवस बुडाल्यावर जेवतो. हे आपलं नाही." ते वाईट बोलले नाहीत, खरंच बोलले. मला पण तेच वाटत होतं. की त्या माणसानं माझ्या पोराच्या डोक्यात काहीतरी घातलंय. आणि स्वतः तिथं राहिलाय. का राहिलाय? पकडणारे त्याच्याच धर्माचे. वस्तीत बोलायला लागले, मौलवी तिकडं सेट झाला, त्यांच्यात बसतो, त्यांना नमाज पढवतो. मी सिधूला विचारलं, "खरं आहे?"

"नमाज पढवायचे. त्यांचा मौलवी गोळीनं मेला होता, म्हणून ह्यांना न्यायचे."

"आणि बसायचे त्यांच्यात?"

त्यानं कूस बदलली. माझ्या पोराला मी ओळखते. खोटं बोलायचं असलं की बोलतो. खरं लपवायचं असलं की कूस बदलतो.

मौलवी येणार ही बातमी आली तवा उन्हाळा होता. मशिदीवाल्यांनी पायऱ्यांशी छोटा मांडव घातला, हार आणले. जैबूनबीनं पहाटे उठून सांदणं केली, म्हणजे त्यांच्याकडच्या तांदळाच्या गोड वड्या. वस्तीतले निम्मे लोक दाराआडून बघत होते. साध्या कपड्यातला एक पोलीस मांडवाच्या खांबाला टेकून चहा पीत होता. सगळ्यांना माहीत होतं तो कोण आहे, आणि त्याला माहीत होतं की सगळ्यांना माहीत आहे.

मी पदराखाली भाकरतुकडा घेऊन गेले. ओवाळायचा एक, आणि खायला एक. माझं आत ठरलं होतं. सिधूचा शब्द काय, तर मौलवी घरी आले की सोडायचं. मग आता सगळ्यांसमोर खा माझ्या हातची भाकरी, आणि माझ्या पोराला मोकळं करा. बघू दे वस्तीला.

रिक्षातून उतरले. मी आधी मनगटं बघितली. मग मान. अंगात तोच जुना सदरा होता, जाताना घातलेला, बदामी. तो अंगात बसत होता. सिधूच्या अंगात त्याचाच सदरा माझ्या नातवानं मोठ्याचा घालावा तसा लोंबत होता, आणि ह्यांचा बसत होता. शेवंता माझ्या कानाशी म्हणाली, "बघितलंस?" मी म्हणलं, "डोळे आहेत मला."

जैबूनबी रडत होती. लोकांनी हार घातले. मी पुढं झाले, तुकडा ओवाळून मागं टाकला, पाणी टाकलं. त्यांनी मान खाली घातली, मुलासारखी. मग मी दुसरा तुकडा त्यांच्या तोंडासमोर धरला. म्हणलं, "घ्या. घरी आलात. आता सोडा."

त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. ओठ हलले. पण तोंड उघडलं नाही. म्हणाले, "गयाबाई, नंतर."

"नंतर कधी?"

"नंतर."

आणि चालत घरात गेले. भाकरी माझ्या हातातच राहिली. मागून कुणीतरी म्हणालं, "आता हिच्या हातचं पण चालेना." खांबाजवळचा पोलीस चहा संपवून माझ्याकडं बघत होता. मी ती भाकरी स्वतःच खाल्ली, तिथंच उभी राहून. टाकायची कशाला?

त्यानंतर मौलवी बाहेर पडेनात. मशिदीत पुढं उभे राहायला नाही म्हणाले, दुसऱ्याला उभं केलं आणि स्वतः शेवटच्या ओळीत. डबे यायचे, ते घेऊन भिंतीकडं वळायचे. सिधू दोनदा जाऊन आला. दोन्हीदा बोलणं झालं नाही, नुसता बसून आलो म्हणाला. आणि घरी तेच, दिवस मावळल्यावर अर्धी भाकरी.

"आता आले ना ते घरी?" मी ओरडले. "आता काय?"

"सोडायचा तो त्यांच्या हातानं. तसं ठरलंय."

"मग ते का सोडवत नाहीत?"

त्यानं पुन्हा कूस बदलली.

मी टोपली झाकली, शेवंताला लक्ष ठेवायला सांगितलं, आणि भर दुपारी मौलवींच्या घरी गेले. जैबूनबी दारात तांदूळ पाखडत होती. तिनं मला बघितलं आणि काही न बोलता सूप घेऊन शेजारी गेली. आत मौलवी जेवत होते. भिंतीकडं तोंड. माझी चाहूल लागली तसा जबडा थांबला.

मी खाली बसले. म्हणलं, "माझं पोर मरायला लागलंय. तुम्ही काय घातलंय त्याच्या डोक्यात, ते काढा."

ते वळले नाहीत. भिंतीशीच बोलायला लागले. "गयाबाई, ते खायला एकदाच द्यायचे. संध्याकाळी. एक पाव आणि डाळीचं पाणी. पहिल्या महिन्यात पोरं एकमेकांच्या अंगावर जायला लागली, पावाच्या तुकड्यासाठी. तवा मला तुमच्या आईची आठवण झाली. मी म्हणलं, आपल्याला कुणी उपाशी ठेवलेलं नाही. आपण उपास धरलाय. ज्यानं त्यानं आपापल्या घरचा. आमचा म्हातारा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, होता कच्छकडचा, त्यानं श्रावण धरला. एक केरळचा पोरगा होता, त्यानं त्यांच्या चर्चचा. मी रोजा. तुमचा सिधू म्हणाला, आमच्यात संध्याकाळी खायचा उपास बसत नाही. मग मीच त्याला म्हणलं, आजीचा धर. त्यानं आजीचा धरला."

माझी आई त्या गोदामात जाऊन आली होती तर.

"आणि ठरवलं, शेवटचा माणूस घरी पोचेल तवा सोडायचा. माझ्या हातानं. मारामारी थांबली, गयाबाई. संध्याकाळी पाव आला की पोरं एकमेकांना आधी द्यायला लागली. उपास सोडताना कुणी हिसकावतं का?"

"मग चांगलंच केलंत," मी म्हणलं. "सोडवत का नाही?"

 बाहेर जैबूनबीच्या सुपाचा आवाज येत होता, पाखडल्याचा.

"माझा उपास नव्हता," ते म्हणाले.

माझ्या पोटात जे इतके दिवस होतं ते जागेवर बसलं. मला बरं वाटलं नाही, पण हलकं वाटलं. दात दुखत असला आणि डॉक्टरनं नेमका तोच दात दाबला की वाटतं तसं.

"नमाज पढवायला न्यायचे दुपारी. मग बसवायचे. मोठं ताट, मटण, भात. नाही म्हणलं की बंदूक नाही दाखवायचे, वाईट वाटून घ्यायचे. ते त्याच्याहून वाईट. पहिल्या दिवशी घास गिळला नाही. दुसऱ्या दिवशी गिळला. मग मी वाट बघायला लागलो, गयाबाई. नमाजची नाही. ताटाची. आणि संध्याकाळी आत येऊन सगळ्यांबरोबर पाव हातात धरायचा, बिस्मिल्ला म्हणायचं आणि उपास सोडल्यासारखं करायचं."

"आणायचं नाही का त्यांच्यासाठी?"

"झडती घ्यायचे."

"रोज?"

मौलवींची पाठ हलली. "एक दिवस नाही घेतली. खिशात मूठभर खजूर होते. सारंगाला ताप होता तवा. मी गोदामाच्या दारापर्यंत येता येता खाल्ले. सगळे." मग म्हणाले, "तो आठवड्यानं गेला. श्रावण धरून गेला बिचारा. सगळी पोरं म्हणाली, मौलवीसाहेब, तुम्हीच त्याच्यासाठी चार शब्द म्हणा. मी म्हणले."

बाहेरचं सूप थांबलं होतं.

"खजुरानं तो वाचला नसता," ते म्हणाले.

"नसता वाचला," मी म्हणलं. "पण तुम्ही खाल्लेत."

"हो. खाल्ले."

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, जाऊ द्या हो मौलवी. मला तसं येत नाही. जे आहे ते आहे. मी विचारलं, "तुम्हाला मागं का ठेवलं?"

"आवाज आवडायचा त्यांना माझा. शेवटी त्यांचा मोठा माणूस मेला, दुसरा आला. त्याला नाही आवडला. दिलं सोडून." आणि हे बोलताना ते हसले, कुजकं. "सगळी वस्ती समजते मी त्यांच्यात मिसळलो. त्यांच्यात नाही मिसळलो. पण तुमच्यातही नव्हतो. आता सांगा, ज्यानं धरलाच नाही त्यानं दुसऱ्याचा उपास सोडवायचा कसा? कुठल्या तोंडानं?"

मी उठले. म्हणलं, "ज्या तोंडानं खाल्लंत त्याच. उद्या दुपारी माझ्याकडं जेवायला या. भर दुपारी. नाही आलात तर मी पायऱ्यांवर बसून सगळं सांगेन वस्तीला. माझा आवाज पण मोठा आहे."

दारात जैबूनबी उभी होती. डोळे कोरडे. तिला माहीत होतं का, आत्ता ऐकलं, मी विचारलं नाही. तिनं माझ्या हातात मूठभर तांदूळ दिले, का दिले कुणास ठाऊक. मी पदरात बांधले.

दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या भाकरी केल्या, ठेचा केला, वांग्याचं भरीत. शेवंता दारातून डोकावून म्हणाली, "कुणाचं बारसं गं?" मी म्हणलं, "तुझं. निघ." मौलवी आले. पायऱ्या चढून दम लागला होता. सिधू भिंतीला टेकून बसला होता, तो उठून उभा राहिला.

मौलवींनी बसायच्या आधीच सांगितलं. उभ्यानंच. जे मला सांगितलं ते सगळं, ताटाचं, खजुराचं, सारंगाचं. मी चुलीकडं होते, ऐकत होते, भाकरी उलटत होते. सांगून झालं. सिधू म्हणाला, "माहीत होतं मला."

मौलवींनी भिंतीचा आधार घेतला.

"मला ताप आला होता तवा तुम्ही कपाळावर हात ठेवला होता," सिधू म्हणाला. "हाताला मटणाचा वास होता. वेलची पण. मी डोळे मिटून तो वास घेत पडलो. सगळी रात्र."

"मग बोलला का नाहीस रे?"

"बोललो असतो तर बाकीच्यांचा पण उपास मोडला असता. मग नुसती भूक राहिली असती."

माझ्या हातातली भाकरी जळाली. त्या दोघांना वाटलं धूर आला म्हणून मी डोळे पुसले. धूरच होता. पण मला माझी आई दिसली. दुष्काळातलीच, खोपटाच्या मागं, भिंतीकडं तोंड करून बसलेली. भाजलेले चिंचोके चावत होती. पोटाशी माझा तान्हा भाऊ होता, तिला दूध यायला पाहिजे होतं. ते मला आज कळतं, तवा कळत नव्हतं. त्या दिवशी कुणाचा तरी उपास सांगितला होता तिनं. मी आवाज न करता मागं फिरले आणि भावंडांत जाऊन बसले. मोठा भाऊ म्हणाला, आई कुठं आहे? मी म्हणलं, देवाला गेली.

हे मी त्या दोघांना सांगितलं नाही. ताटं वाढली.

मौलवींनी ताट घेतलं आणि सवयीनं भिंतीकडं वळले. मी चुलीपासून उठले, त्यांच्या आणि भिंतीच्या मधे जागा होती तेवढ्यात जाऊन बसले, भिंतीला पाठ लावून. गुडघे दुखतात माझे, पण बसले. आता त्यांना भिंत बघायची तर आधी माझं तोंड बघावं लागणार होतं.

"मोडा भाकरी," मी म्हणलं.

त्यांनी भाकरी दोन्ही हातांनी धरली. मोडली. अर्धी सिधूला दिली. सिधूनं हातात धरून ठेवली. बाहेर उन्हानं पत्रे कडकड वाजत होते.

"काय म्हणायचं?" मौलवींनी विचारलं.

"काही म्हणू नका. खा."

आधी त्यांनी घास घेतला, माझ्याकडं बघत. मग सिधूनं. दोघांनाही ठेचा लागला. माझा ठेचा असतोच तसा. मौलवींच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं, आणि ते पुसता पुसता म्हणाले, "गयाबाई, पैसे आधी का नंतर?"

सिधू हसला. आल्यापासून पहिल्यांदा. आणि अख्खी भाकरी खाल्ली, वर दुसरी मागितली, भर दुपारी.

आता सिधू पवईला एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट बघतो. अंग भरलंय. मौलवी मशीद सोडून गावाकडं गेले. जाताना सगळी वस्ती आली नाही. जी आली ती पण लांबूनच हात हलवत होती. मी टोपलीपाशीच होते. त्यांनी येऊन एक मिरची उचलली आणि खिशात टाकली. मी म्हणलं, "पैसे?" म्हणाले, "ही उधार." मी म्हणलं, "मी उधार देत नाही." म्हणाले, "माहीत आहे. म्हणूनच."

लोक मला अजून विचारतात, मौलवी माणूस कसा होता? मी म्हणते, भंडारी चांगला होता. ते समजतात मी टाळते. मी टाळत नाही. लढाईत अडकलेल्या पोरांना त्यानं भूक पुरवून पुरवून खायला घातली, आणि ती पोरं जिवंत घरी आली. आणि त्यानं ते खजूर पण खाल्ले. मी दोन्ही धरून आहे. एक धरलं म्हणून दुसरं सोडायचं, असं मला खाणीत कुणी शिकवलं नाही.

महिन्या-दोन महिन्यांनी त्यांचा फोन येतो. तब्येत विचारतात, सिधूची विचारतात. मी पहिलं विचारते, "जेवलात का?"

"जेवलो, गयाबाई."

"तोंड कुणीकडं करून?"

"जैबूनकडं."

"खरं?"

"अल्लाची शपथ."

मी म्हणते, शपथ राहू द्या. फोन जैबूनबीला द्या.